जुन्नरच्या आकाशांतील तारकागुच्छ

अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेलीं कुटुंबें लेण्याद्री आणि ओझर हीं दोन स्थानें करण्यासाठीं जुन्नर तालुक्यांत येतात. सकाळीं गिरिजात्मजाच्या पायऱ्या चढावयाच्या, दुपारीं विघ्नहराचें दर्शन घ्यावयाचें, वेळ उरलाच तर शिवनेरीवर जाऊन शिवाईदेवीस हात जोडावयाचे आणि दिवेलागणीच्या आंत पुण्याची वाट धरावयाची, असा सर्वसाधारण क्रम असतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्यांना एखादी रात्र ओझरला किंवा शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत घोडेगांवच्या बाजूस काढण्याची सवड असेल, त्यांनीं ती सगळीच झोपेंत घालवूं नये, एवढें सुचविण्याचा या लेखाचा हेतु आहे. ज्या मुलखांत आपण दिवसा देवदर्शन करितों, त्याच मुलखांत रात्रीं विश्वांतील अतिशय जुन्या वस्तूंचें दर्शन घडतें. आणि तें घेण्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची किंवा अलोट पैशाची जरुरी नाहीं.

या वस्तु म्हणजे गोलाकार तारकागुच्छ. त्यांतील सर्वांत मोठा व तेजस्वी गुच्छ कोणत्याही साधनावांचून दिसतो, फक्त तो कोठें पाहावयाचा हें ठाऊक पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस रात्रीं साडेअकराच्या सुमारास, किंवा मेच्या अखेरीस साडेनऊच्या सुमारास, चित्रा ही शुभ्र तारका बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येते. तिच्यापासून सरळ खालीं, दक्षिण क्षितिजाकडे, नजर न्यावी. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरिली तर ती सुमारें दहा अंश आकाश झांकते. अशा साडेतीन मुठी खालीं उतरलें, कीं चवथ्या प्रतीच्या ताऱ्याएवढा, पण कडा पुसट असलेला एक ठिपका दिसतो. तो जुन्नरच्या क्षितिजापासून फार तर तेवीस अंश वर चढतो. म्हणून दक्षिणेस डोंगर, दाट झाडी किंवा बाजाराचा उजेड नसावा. चंद्रही नसावा, वद्य अष्टमीनंतरच्या रात्रीं यास उत्तम.

टॉलेमीनें आपल्या यादींत या ठिपक्याची नोंद तारा म्हणूनच केली होती. १६०३ सालीं बायरनें नरतुरंग राशींतील इतर ताऱ्यांप्रमाणें त्यालाही एक ग्रीक अक्षर दिलें, आणि तें नांव आजही टिकून आहे: ओमेगा सेंटॉरी. हा तारा नव्हे, हें १६७७ सालीं हॅलीच्या ध्यानांत आलें. धूमकेतूमुळें ज्याचें नांव घरोघरीं पोंचलें, तोच हा हॅली. त्या वेळीं तो वीस-एकवीस वर्षांचा तरुण असून दक्षिणेकडील ताऱ्यांचे वेध घेण्यासाठीं सेंट हेलेना बेटावर गेला होता. पुढें दुर्बिणी सुधारल्यावर त्या धुरकट ठिपक्याचे कण वेगळे दिसूं लागले. आज आपणांस ठाऊक आहे कीं या एका गुच्छांत सुमारें एक कोटि तारे आहेत, आणि तो आपल्यापासून सुमारें १७ हजार प्रकाशवर्षें दूर आहे. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या गुच्छाच्या गाभ्यांत तेवढ्या जागेंत हजारों तारे दाटीनें वसलेले असतात.

असे दीडशेंहून अधिक गुच्छ आपल्या आकाशगंगेभोंवतीं विखुरलेले आहेत. त्यांतील बहुतेकांचें वय अकरा ते तेरा अब्ज वर्षें आहे. आपला सूर्य सुमारें साडेचार अब्ज वर्षांचा. म्हणजे या वृद्धांपुढें तो नातवंडांतच जमा. जुन्नरच्या अक्षांशावरून यांतील बरेच चांगले गुच्छ दिसतात, हें आपलें भाग्य. ज्येष्ठा ताऱ्याच्या पश्चिमेस सव्वा अंशावर मेसिये ४ आहे. धनु राशींत मेसिये २२ आहे. इहले नांवाच्या जर्मन निरीक्षकानें १६६५ सालीं तो प्रथम पाहिला. उत्तरेस शौरी राशींत मेसिये १३ आहे. युरोपांतील लोकांस हा शेवटचा गुच्छ माथ्यावर दिसतो, पण ओमेगा सेंटॉरी त्यांच्यापैकीं बहुतेकांना जन्मांत दिसत नाहीं. आपणांस दोन्ही दिसतात. मात्र दक्षिणेकडील दुसरा मोठा गुच्छ, कारंडव राशींतील ४७ टुकानी, जुन्नरकरांना अंशा-दीड अंशानें हुकतो. तो क्षितिजाच्या किंचित खालूनच निघून जातो. त्यासाठीं दक्षिणेचा प्रवास करावा लागतो.

साध्या द्विनेत्री दुर्बिणींतून हे गुच्छ कापसाच्या बोंडासारखे दिसतात. सहा इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणींतून पाहिलें कीं कडेचे तारे सुटे होऊं लागतात, आणि डोळा अंधारास सरावल्यावर सगळा गोळाच बारीक रव्यासारखा दाणेदार वाटूं लागतो. येथपर्यंतची मौज कोणासही घेतां येईल. परंतु डोळ्यांचा एक दोष आहे. डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. क्षणाक्षणास आलेला प्रकाश तो तेथल्या तेथें खर्चून टाकतो. कॅमेरा प्रकाशाची सांठवण करितो. म्हणून ज्याला या गुच्छांशीं अधिक परिचय करून घ्यावयाचा असेल, तो लवकरच छायाचित्रणाकडे वळतो.

यांत पहिली अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश सतत सरकत असतें. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून कांहीं सेकंदांपेक्षां अधिक वेळ चित्र घेतलें, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. यासाठीं दुर्बीण अशा बैठकीवर बसवितात, कीं तिचा एक आंस ध्रुवाकडे रोखलेला असतो व त्या आंसाभोंवतीं ती ताऱ्यांच्याच गतीनें फिरते. जुन्नरला ध्रुव क्षितिजापासून अवघा एकोणीस अंश वर असतो. म्हणून हा आंस बराच आडवा ठेवावा लागतो. पुष्कळ बैठकी उत्तरेकडील देशांच्या सोयीनें बनविलेल्या असल्यामुळें त्या इतक्या वांकविल्या कीं तोलाचें वजन तिकाटण्याच्या पायास अडतें. नवशिक्याची पहिली रात्र बहुधा या भानगडींतच जाते. ध्रुव डोंगराआड असेल तर आणखी एक रात्र धरावी.

दुसरी अडचण गुच्छाच्या स्वभावांतच आहे. त्याचा गाभा फार तेजस्वी आणि कडा फार मंद असतात. कडेच्या ताऱ्यांसाठीं चित्र अधिक वेळ घेतलें, कीं गाभा पांढराफटक होऊन त्यांतील तारे एकमेकांत विरघळतात. गाभ्यासाठीं थोडा वेळ घेतलें, कीं कडा नाहींशा होतात. यावर उपाय असा: कांहीं चित्रें दहा सेकंदांचीं घ्यावींत, पुष्कळशीं एक-एक मिनिटाचीं घ्यावींत, आणि मग तीं संगणकावर एकावर एक बसवून त्यांची बेरीज करावी. या बेरजेचें गणित समजून घेण्यासारखें आहे. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक चित्रांत त्याच जागीं पडतो. त्यामुळें शंभर चित्रांची बेरीज केली तर तो शंभरपट होतो. कॅमेऱ्याची खरखर मात्र प्रत्येक चित्रांत वेगळी असल्यामुळें ती एकमेकींस छेदीत जाते व केवळ दहापट वाढते. म्हणजे शंभर चित्रांनीं चित्राचा स्वच्छपणा दसपटीनें वाढला. एका चित्रांत ज्याचा मागमूसही नव्हता तो तारा शंभरांच्या बेरजेंत ठळक दिसतो. येथें हुशारीपेक्षां चिकाटीचें मोल अधिक.

तिसरी अडचण उजेडाची. तिच्याविषयीं एक अनुभव सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं घोडेगांवच्या अलीकडे एका परिचितांच्या मळ्यांत प्रस्तुत लेखकानें ओमेगा सेंटॉरीचीं चित्रें घेण्याचें ठरविलें. दक्षिण मोकळी, अमावास्या जवळ, वारा बेताचा. सगळें जमून आलें होतें. दुर्बीण मांडून झाली आणि गोठ्यावरचा मोठा पांढरा दिवा लागला. त्याच्या झोतानें अर्धें आकाश फिक्कें पडलें. घरांतील आजींना विनंति केली, "आजी, दोन तास हा दिवा मालवतां येईल का?" त्या म्हणाल्या, "दादा, मालवायला माझी ना नाहीं. पण परवांच शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानें नेली. गोठ्यांत दोन वासरें आहेत."

यावर काय बोलणार? जुन्नर-आंबेगांवच्या उसांत बिबट्या राहतो, तेथेंच त्याचीं पिलें वाढतात, आणि शेळ्या, कुत्रीं, वासरें हीं तर त्याची नित्याची शिकार; माणसेंही त्याला बळी पडलीं आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठीं निवारा-केंद्र काढावें लागलें, यावरूनच या प्रश्नाचें स्वरूप कळेल. आकाशाच्या हौसेसाठीं दुसऱ्याच्या गोठ्यावरचा दिवा मालवावयास सांगणें हें सभ्यपणाचें नव्हे, हें त्या उत्तरानें पुरतें उमगलें. दुर्बीण आवरावयास घेतली, तोंच आजींच्या मुलानें तेलाचा एक रिकामा डबा आणला, पत्रा कापून त्याची टोपी केली आणि ती दिव्यावर अशी बसविली, कीं उजेड खालीं गोठ्याच्या अंगणांतच पडावा. अंगणांतील उजेड कमी न होतां उलट वाढला, आणि वरचें आकाश पुनः काळें झालें. त्या रात्रीं चाळीस चित्रें मिळालीं. दिव्याचा उजेड वर जातो तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो, हें शहाण्या लोकांनीं पुस्तकांत लिहिलेलें आहे. तें एका डब्याच्या पत्र्यानें डोळ्यांपुढें सिद्ध केलें.

चित्रांची कच्ची बेरीज संगणकाच्या पडद्यावर आली तेव्हां आजींनीं ती बराच वेळ निरखून पाहिली आणि विचारलें, "हे सगळे तारेच? मोजले कुणीं?"

प्रश्न अगदीं नेमका होता. या गुच्छांचा खरा इतिहास पाहणाऱ्यांचा नसून मोजणाऱ्यांचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड वेधशाळेचे सोलन बेली यांनीं पेरू देशांतील आरेकिपा येथून या गुच्छांचीं छायाचित्रें कांचेच्या तबकड्यांवर घेण्यास आरंभ केला. एकाच गुच्छाचीं निरनिराळ्या वेळीं घेतलेलीं चित्रें शेजारीं ठेवून पाहतां त्यांना आढळलें, कीं कांहीं ताऱ्यांचें तेज कमीअधिक होत असतें. एकट्या ओमेगा सेंटॉरींत त्यांनीं असे १२८ रूपविकारी तारे हुडकले, आणि निरनिराळ्या गुच्छांत मिळून पांचशेंहून अधिक. यांतील पुष्कळसे तारे अर्ध्या दिवसाच्या आंतबाहेर आपला फेरा पुरा करितात: झपाट्यानें उजळतात आणि मग सावकाश मंदावतात. स्वरमंडल राशींतील एका ताऱ्यावरून या जातीस आर. आर. स्वरमंडल असें नांव पडलें.

या जातीचा विशेष गुण हा, कीं सगळ्यांचें खरें तेज जवळजवळ सारखेंच, म्हणजे सूर्याच्या सुमारें पन्नासपट असतें. एकाच कारखान्याचे एकाच शक्तीचे दिवे दूरदूर लावलेले असावेत, तसे हे तारे. दिव्याची शक्ति ठाऊक असली म्हणजे तो किती मंद दिसतो यावरून त्याचें अंतर काढतां येतें. हार्लो शॅप्ली या अमेरिकन ज्योतिर्विदानें हीच किल्ली वापरली आणि १९१८ पर्यंत बहुतेक ज्ञात गुच्छांचीं अंतरें काढलीं. तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसून आली. हे गुच्छ सूर्याभोंवतीं सारखे विखुरलेले नसून त्यांची गर्दी धनु राशीच्या दिशेस आहे. गुच्छ जर आकाशगंगेच्या केंद्राभोंवतीं पसरलेले असतील, तर तें केंद्र धनु राशींत, आणि आपला सूर्य त्यापासून फार दूर, एका बाजूस असला पाहिजे. कोपर्निकसनें पृथ्वीस मध्यावरून उठविलें. शॅप्लीनें सूर्यास उठविलें. त्यांचीं अंतरें बरींच फुगलेलीं निघालीं, कारण ताऱ्यांमधल्या धुळीमुळें प्रकाश मंदावतो ही गोष्ट १९३० सालीं ट्रंपलरनें सिद्ध करीपर्यंत नीट हिशेबांत आली नव्हती. आज केंद्राचें अंतर सुमारें २६ हजार प्रकाशवर्षें मानितात. पण दिशा व मूळ सिद्धान्त शॅप्लींचेच खरे ठरले.

हें काम पुढें चालविणाऱ्यांत हेलन सॉयर हॉग या विदुषींचें नांव मोठें आहे. कॅनडांतील व्हिक्टोरिया येथील वेधशाळेंत १९३१ पासून त्यांनीं गुच्छांचीं छायाचित्रें घेतलीं. आरंभीं त्यांना तेथें पगारी जागा नव्हती. पतीच्या नोकरीच्या आश्रयानें दुर्बिणीवर काम करण्याची मुभा होती. १९३२ सालीं मुलगी झाली, तेव्हां तान्ह्या मुलीस टोपलींत निजवून त्या वेधशाळेच्या घुमटांत रात्रभर काम करीत. १९३९ सालीं त्यांनीं गुच्छांतील रूपविकारी ताऱ्यांची जी सूची प्रसिद्ध केली, ती पुढील अनेक वर्षें सर्वांचा आधारग्रंथ झाली. गृहिणीपण आणि शास्त्र यांचें वांकडें आहे असें समजणाऱ्यांनीं ही टोपली ध्यानांत ठेवावी.

आतां मुख्य मुद्यावर येऊं. मोठमोठ्या दुर्बिणींनीं घेतलेलीं या गुच्छांचीं अप्रतिम चित्रें आज कोणासही पाहावयास मिळतात. मग जुन्नरच्या माळावर रात्र जागून आपण तसलेंच, पण कमी प्रतीचें चित्र कां घ्यावें? असें घरचीं माणसें विचारतात आणि त्यांचें म्हणणें खोटें नसतें. नुसतें सुंदर चित्र हाच हेतु असेल तर हा खटाटोप खरोखर व्यर्थ आहे. परंतु शॅप्लीनें जें मोजलें तें आपल्या हातांनीं मोजावयाचें असेल, तर गोष्ट निराळी. आणि तें मोजतां येतें. सहा इंची दुर्बीण, साधा डिजिटल कॅमेरा आणि मे महिन्यांतील दोन-तीन स्वच्छ रात्री एवढें भांडवल पुरे.

यासाठीं गुच्छ निवडावा तो मेसिये ५, भुजंग राशींतला. १७०२ सालीं बर्लिन येथें गॉटफ्रीड किर्ख आणि त्यांच्या पत्नी मारिया हे उभयतां धूमकेतूचा वेध घेत असतां तो त्यांना सांपडला. स्वाती ही तारका जुन्नरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. तिच्यापासून ज्येष्ठेकडे जाणारी एक रेषा कल्पावी. त्या रेषेवर सव्वादोन मुठी गेलें, कीं रेषेच्या किंचित पूर्वेस हा गुच्छ आहे. मेच्या मध्यास तो रात्रीं साडेबाराच्या सुमारास दक्षिणोत्तर रेषेवर, सुमारें ७३ अंश उंचीवर येतो. इतक्या उंचीवर हवेचा थर पातळ असतो आणि क्षितिजाजवळची धूळ आडवी येत नाहीं. मेसिये ४ याहून पुष्कळ जवळ आहे. पण त्याच्यापुढें धुळीचा मोठा पडदा असल्यामुळें नवशिक्याचें गणित तेथें फसतें, जसें शॅप्लींचें फसलें. मेसिये ५ च्या वाटेंत धूळ थोडी आहे.

रात्रीं नऊपासून तीनपर्यंत दर वीस मिनिटांनीं एक-एक मिनिटाचीं पांच-सहा चित्रें घ्यावींत आणि त्यांची बेरीज करून एक जुडगा करावा. असे अठरा-एकोणीस जुडगे होतील. मग पहिला व शेवटचा जुडगा पडद्यावर आलटून-पालटून दाखवावा. शेंकडों तारे जागच्या जागीं स्थिर राहतील, पण गुच्छाच्या कडेस कांहीं तारे मिणमिणतांना दिसतील. हेच ते रूपविकारी तारे. प्रथम पाहतांना अंगावर कांटा येतो, कारण ज्यास आपण अचल समजत होतों तें आकाश हालतांना दिसतें. गाभ्याजवळचे तारे सोडून द्यावेत, कारण तेथें शेजाऱ्यांचा प्रकाश मिसळतो. कडेचे पांच-सहा तारे निवडून, ज्यांची प्रत सूचींत दिलेली आहे अशा स्थिर ताऱ्यांशीं त्यांची तुलना करावी, आणि दोन-तीन रात्रींच्या मापांवरून प्रत्येकाची सरासरी प्रत काढावी. ती पंधराच्या आसपास येईल.

आतां गणित. हे तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर असते, तर त्यांची प्रत सुमारें ०.६ दिसली असती. येथें ती १५ दिसते. म्हणजे फरक १४.४ प्रतींचा. अंतर दसपट वाढलें कीं प्रत पांचानें वाढते. म्हणून १४.४ ला पांचानें भागावें, २.८८ येतात. दहाचा २.८८ वा घात, शाळेंतील लॉगच्या कोष्टकांत पाहिला तर, सुमारें ७५९ निघतो. ३२.६ ला ७५९ नीं गुणलें कीं सुमारें २४,७०० प्रकाशवर्षें येतात. आज शास्त्रज्ञांनीं ठरविलेलें अंतर सुमारें साडेचोवीस हजार आहे. आपलें उत्तर हजार-दोन हजारांनीं चुकलें तरी खंत नको. ज्या प्रकाशानें आपल्या कॅमेऱ्यांत ठिपका उमटविला, तो निघाला तेव्हां पृथ्वीवर हिमयुग होतें, हें आतां कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हिशेबावरून आपण म्हणूं शकतों. पुस्तकांतील आंकडा आणि स्वतः काढलेला आंकडा यांत विकतच्या आणि घरच्या लोणच्याइतकें अंतर असतें.

ज्या मुलखांत हौशी निरीक्षक हें करितो, तेथेंच शास्त्रज्ञांचीं दोन मोठीं साधनें उभीं आहेत. घोडेगांवजवळ गिरवलीच्या डोंगरपठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें एक हजार मीटर उंचीवर, पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. २००६ सालीं ती कार्यास सिद्ध झाली. आणि नारायणगांवजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली जी. एम. आर. टी. ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतील चवदा मध्यभागीं एकत्र आणि सोळा तीन फांट्यांवर पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारांत. पोलादी तारांच्या विरळ जाळीच्या या थाळ्यांतून वारा आरपार जातो. म्हणूनच त्या हलक्या, आणि म्हणूनच थोडक्या खर्चांत उभ्या राहिल्या.

या थाळ्या तारकागुच्छांकडेही वळतात. हिवाळ्यांत शशक राशीच्या दक्षिणेस कपोत राशींत एन. जी. सी. १८५१ नांवाचा एक लहानसा गुच्छ जुन्नरच्या आकाशांत सुमारें एकतीस अंश वर येतो. तो जवळजवळ ४० हजार प्रकाशवर्षें दूर असून सातव्या प्रतीचा आहे. सहा इंची दुर्बिणींतून धुक्याच्या थेंबाएवढा दिसतो. २००४ सालीं खोडदच्या दुर्बिणीनें त्यांत एक स्पंदक शोधून काढला. स्पंदक म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिशय घट्ट गोळा. हा सेकंदास सुमारें दोनशें गिरक्या घेतो, आणि पावणेएकोणीस दिवसांत एका जड जोडीदाराभोंवतीं फार लांबट कक्षेंत फिरतो. गुच्छांत ताऱ्यांची दाटी असते, तेथें ते एकमेकांच्या जवळून जातात आणि जोडीदार बदलतात. या लांबट कक्षेचें कारण बहुधा तेंच असावें. २०२२ सालीं धनु राशींतील एन. जी. सी. ६६५२ या गुच्छांतही खोडदनें असाच एक स्पंदक हुडकला. आणि २०२४ च्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेंतील दुर्बिणीनें एन. जी. सी. १८५१ मध्येंच आणखी एका स्पंदकाचा असा जोडीदार जाहीर केला, कीं जो ज्ञात न्यूट्रॉन ताऱ्यांहून जड पण नेहमींच्या कृष्णविवरांहून हलका आहे. तो काय आहे याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं.

स्पंदकाची एकच टिकटिक इतकी क्षीण असते, कीं ती खरखरींत बुडून जाते. तासन्‌तास ऐकून, हजारों टिकटिकी त्यांच्या अचूक कालावधीनें एकमेकींवर बसवून बेरीज केली म्हणजे ती वर येते. वाचकांस आठवेल, कीं मळ्यांत चाळीस चित्रें एकावर एक ठेवतांना आपण हेंच केलें. खोडदचा शास्त्रज्ञ आणि हौशी निरीक्षक यांच्या साधनांत जमीन-अस्मानाचा फरक. पण पद्धति एकच, आणि गरजही एकच. एकाला अंधार पाहिजे, दुसऱ्याला रेडिओलहरींची शांतता.

हा अंधार आणि ही शांतता राखावयाची तर कोणाच्या तरी पोटावर किंवा सोयीवर पाय येतो, हें विसरून चालणार नाहीं. पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या नारायणगांवाकडील मूळ आखणीस खोडदच्या दुर्बिणीच्या कारणानें हरकत निघाली. रेल्वे पाहिजे ही येथील शेतकऱ्यांची मागणीही रास्तच आहे. त्यांचा टोमॅटो आणि भाजीपाला वेळेवर बाजारांत पोंचावयास हवा. असे प्रश्न 'विज्ञान हवें कीं माणूस हवा' अशा तऱ्हेनें मांडले कीं सुटत नाहींत. ज्यानें तेलाच्या डब्याची टोपी केली, त्यानें वासरांना वाऱ्यावर सोडलें नाहीं आणि आकाशही सोडलें नाहीं. मोठ्या प्रश्नांनाही अशा टोप्या शोधाव्या लागतील, आणि त्या शोधण्यांत शास्त्रज्ञांइतकाच गांवकऱ्यांचा हात असला पाहिजे. दरवर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनाच्या निमित्तानें खोडदला प्रदर्शन भरतें तेव्हां आसपासच्या शाळांतील मुलें तेथें लोटतात. त्यांच्यांतूनच हे हात निघतील.

ज्यांना या छंदाची सुरुवात करावयाची असेल, त्यांनीं एकदम दुर्बीण विकत घेऊं नये. पुण्यांतील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींस हा मार्ग दाखवीत आली आहे. अशा संस्थेबरोबर एक-दोन रात्री काढाव्यात, मग काय घ्यावयाचें तें ठरवावें. माळावर एकट्यानें कधींही बसूं नये, उसाच्या कडेस तर मुळींच नाहीं. चार माणसें, एक काठी आणि बोलण्याचा आवाज बरोबर असावा. ज्यांच्या शेतांत बसावयाचें त्यांची परवानगी घ्यावी आणि त्यांना पहिल्यानें आकाश दाखवावें. पाऊस लागला कीं चार महिने सगळेंच बंद. म्हणून चैत्र-वैशाखांतील रात्री वायां घालवूं नयेत.

त्या मळ्यांतील दिव्यावर ती पत्र्याची टोपी अजून आहे. पुढच्या वर्षीं मेसिये ५ चें गणित जमलें तेव्हां आजींना मुद्दाम जाऊन सांगितलें, "आजी, सगळे तारे मोजतां आले नाहींत, पण किती लांब आहेत तें मोजलें." त्यांनीं आंकडा विचारला, तो एकदां स्वतःशीं म्हणून पाहिला, आणि नातीला हांक मारून म्हणाल्या, "ये ग, हें तुझ्या वहींत लिहून ठेव."